अनुभव धागा: केनिया-टांझानियाची सफारी नेमकी कधी?

टूरवाल्याला विचारलं की एकच उत्तर, 'जुलै ते ऑक्टोबर'. आपल्या सुट्ट्या मात्र एप्रिल-मेच्या, नाहीतर दिवाळीच्या. जाऊन आलेल्यांनी कोणत्या महिन्यात काय दिसलं, काय हुकलं ते सविस्तर लिहा. नुसतं 'मस्त झाली ट्रिप' नको.

ठाणे, ऑगस्टअखेर
मारा नदीच्या काठी सकाळपासून ताटकळलो. स्थलांतरात नदी ओलांडायला आलेल्या विल्डेबीस्टचा (हरणाच्या जातीतला मोठा, शिंगवाला प्राणी) कळप पाण्यापर्यंत यायचा, थबकायचा, मागे फिरायचा. आमचा ड्रायव्हर निवांत, आम्हीच घड्याळ बघतोय. दुपारी त्यातल्या एका विल्डेबीस्टने उडी टाकली आणि मग धुळीत पलीकडचा काठ दिसेना. मगरींनी त्यातले काही ओढलेच. डोळ्यांचं पारणं फिटलं, पण काठावर गाड्यांचीही जत्रा होती. शिवाय मसाई मारा या केनियातल्या अभयारण्याची फी परदेशी प्रौढांना जानेवारी ते जून दिवसाला 100 डॉलर, जुलैपासून डिसेंबरपर्यंत 200. हॉटेलचे दरही तेव्हाच चढे.

नागपूर, मे
ताडोबात मे म्हणजे पर्वणी, पाणवठ्यावर वाघ ठरलेला. तिकडे मार्च ते मे मोठा पाऊस! मुलांच्या शाळेमुळे आम्हाला दुसरा महिनाच नव्हता. माराची माती आपल्या कपाशीच्या रानासारखी काळी, चिकट. गाडी रुतली, दुसरीने ओढून काढली. मुलांना तोच भाग सगळ्यात आवडला. गवत उंच, त्यामुळे प्राणी शोधावे लागतात. पण सिंहांच्या कुटुंबासमोर आमची एकटीच गाडी, आणि दर उतरलेले. मला विचाराल तर पुन्हा मेमध्येच जाईन.

दार-ए-सलाम, फेब्रुवारी
नदीचंच कौतुक किती करायचं? टांझानियातल्या सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानाच्या दक्षिण भागाला लागून न्दुतूचं माळरान आहे. ज्वालामुखीच्या राखेची जमीन, आखूड पण कसदार गवत, म्हणून विल्डेबीस्ट विण्यासाठी इथेच येतात. जानेवारीअखेर ते मार्च पिल्लंच पिल्लं. जन्मल्यावर काही मिनिटांत उभी राहतात, राहावंच लागतं, कारण तरस आणि चित्ते टपलेले असतात. मोकळ्या माळावर चित्त्याची शिकार सुरुवातीपासून शेवटपर्यंत दिसते. मन घट्ट असेल तरच बघा.

डोंबिवली, दिवाळीची सुट्टी
नोव्हेंबरचा पाऊस धाकटा, बहुतेकदा दुपारची एखादी सर. पक्षीवाल्यांनी हाच महिना धरावा, युरोपातून स्थलांतर करून आलेले पाहुणे असतात. केनियातल्या अंबोसेली उद्यानातून किलिमांजारो पर्वत पहाटेच बघून घ्या, नंतर ढगात जातो.

सातारा, जुलै
टांझानियातल्या न्गोरोंगोरो या ज्वालामुखी विवराचा कडा 2,200 मीटरच्या वर. आईंना स्वेटर, कानटोपी, शाल सगळं लागलं. उघड्या टपाच्या गाडीत पहाटेचं वारं महाबळेश्वरला लाजवेल असं.

आणि महिना कोणताही धरा, केनियाला जाणार असाल तर पीतज्वराची (यलो फिव्हर) लस निदान दहा दिवस आधी घ्या. प्रमाणपत्र त्यानंतरच ग्राह्य धरतात. ते नसेल तर परतल्यावर विमानतळावरूनच विलगीकरणात पाठवू शकतात.