रंग पुसला जाणारच, आणि ते चालेल

चालणाऱ्यांसाठी रस्त्यावर आधी रंग आणि कुंड्यांनी तात्पुरता बदल करून पाहू म्हटलं, की "पट्टे रंगवून काय होणार, पहिल्या पावसात धुऊन जातील," असं ऐकायला मिळतं. नुसत्या रंगाने गाडी थांबत नाही, हे मान्य. पण रंग आणि कुंड्या ही रस्त्याची कच्ची चिठ्ठी असते. चुकली तर खोडता येते. मिलानमध्ये २०१८ साली देर्गानो चौकातल्या गाड्या हटवून रंग, बाकडी, कुंड्या आणि टेबल टेनिसची टेबलं मांडली. लोक तिथे बसू लागले आणि पुढे तो बदल कायम झाला.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी वळण इतकं ऐसपैस होतं की रिक्षा वेग न कमी करताच आत शिरायच्या. आम्ही वॉर्ड ऑफिसची परवानगी काढून एका रविवारी चुन्याने कोपरा पुढे आखला आणि वाहतूक पोलिसांकडून आणलेले शंकू ठेवले. वळण काटकोनात येताच प्रत्येक गाडीला ब्रेक लावावा लागला, शिवाय ओलांडायचं अंतरही चार-पाच पावलांनी घटलं. शेजारच्या आजी काठी टेकत एका दमात पलीकडे गेल्या! म्हणून सांगते, झेब्रा पट्ट्यांच्या आधी कोपरे आवळा. आणि कचऱ्याची गाडी वळते का, ते त्याच दिवशी तपासून घ्या.