जुन्या गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स खोलून नव्याने बांधायचा खर्च: वाजवी की लूट?

दोनपेडल (धागाकर्ता)
साठ-सत्तरच्या दशकांतल्या गाड्यांचे तीन गिअरचे ऑटोमॅटिक बॉक्स, म्हणजे जीएमचा टीएच३५०, फोर्डचा सी४, क्रायसलरचा ७२७, आजच्या मानाने अगदी साधे. कॉम्प्युटर नाही, सगळा कारभार तेलाच्या दाबावर आणि स्प्रिंगांवर. मास्टर किटमध्ये गास्केट, रबरी सील, क्लचच्या फ्रिक्शन (घर्षणाच्या) प्लेटा, स्टील प्लेटा सगळं येतं. तरी अंदाजपत्रक मिळतं ते किटच्या चौपट-पाचपट! माझ्या मते यातला बराचसा भाग भीतीचा आहे. दहा जण "ऑटोमॅटिकला हात लावत नाही" म्हणतात, मग अकरावा तोंडाला येईल तो आकडा सांगतो. पटत नसेल तर आकडा कुठे जातो ते फोडून दाखवा.

पानापकड
असहमत. किट म्हणजे रबर, कागद आणि प्लेटा. किटमध्ये काय नसतं ते बघा.

बॉक्स उतरवणं-चढवणं हेच मुळात दिवसभराचं काम: प्रॉपेलर शाफ्ट, क्रॉस-मेंबर, कूलरच्या नळ्या, लिंकेज, आणि एक्झॉस्ट आडवा आला तर तोही. मग खोलणं, प्रत्येक भाग धुऊन वाऱ्याने वाळवणं, मोजमाप. तेवढ्यात कळतं की तेलाच्या पंपाचा बुश (आधाराची धातूची नळी) झिजलाय. तो तसाच ठेवून फक्त पुढचं सील बदललं तर टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिनाची ताकद तेलातून बॉक्सला देणाऱ्या डब्याचा) गळा डगमगत राहतो आणि नवं सील पुन्हा गळायला लागतं. ड्रमच्या (क्लचच्या प्लेटा ज्यात बसतात त्या भांड्याच्या) आत सीलिंग रिंगांनी खाचा पाडल्या असतील तर तिथून दाब निसटतो. म्हणजे नव्या प्लेटा घालूनही क्लच घसरणार आणि जळणार. असा ड्रम किटमध्ये मिळत नाही, तो वेगळा शोधावा लागतो.

उरला टॉर्क कन्व्हर्टर. क्लच जळला की त्याचा कोळसा आणि धातूची भुकटी कन्व्हर्टरमध्ये जाऊन बसते. तो वेल्डिंग करून बंद केलेला असतो, आत तेल ओतून हलवल्याने साफ होत नाही. कापून, धुऊन, पुन्हा वेल्ड आणि बॅलन्स करावा लागतो, नाहीतर बदलावा लागतो. ज्या अंदाजपत्रकात ही ओळच नाही, ते स्वस्त दिसणारच.

दोनपेडल
कन्व्हर्टरचं मान्य. पण बुश म्हणजे काय सोन्याचे असतात? बुशचा संच किटच्या तुलनेत किरकोळ, बसवायला मापाचा ड्रायव्हर आणि हातोडी. शिवाय बोनेटवरचा बिल्ला बघून भाव लावतात त्याचं काय? १९७६ च्या फेरारी ४०० ऑटोमॅटिकमध्ये जीएमचाच टीएच४०० आहे. रोल्स-रॉइस सिल्व्हर शॅडो आणि जॅग्वार एक्सजेएसमध्येही तोच. केसिंग, काही जोडण्या आणि सेटिंग वेगळी असेल, पण क्लच प्लेटा त्याच घराण्यातल्या. बिल मात्र घोड्याच्या चिन्हाचं.

व्हॉल्व्हबॉडी
बिल्ल्याबद्दल +१. पण तुम्ही दोघं खर्चावर भांडताय आणि बॉक्स खोलायची गरज आहे का हे कोणीच विचारत नाही. खरी लूट तिथे आहे.

टीएच३५० आणि सी४ ला व्हॅक्यूम मॉड्युलेटर असतो, इंजिनाच्या व्हॅक्यूमवरून बॉक्समधला दाब ठरवणारा डबीएवढा भाग. आतला पडदा फाटला तर बॉक्सचं तेल व्हॅक्यूमच्या नळीतून इंजिनात ओढलं जातं. मागून पांढरा धूर, तेल कमी होतं पण जमिनीवर थेंब नाही, गिअर उशिरा आणि धक्का देऊन पडतो. नळी उपसून बघा: टोकाला लाल तेलाचा ओलावा दिसला की निदान झालं. बदलायला अर्धा तास. याच लक्षणांवर "बॉक्स गेला" सांगून ओव्हरहॉल गळ्यात मारता येतो.

टीएच३५० पहिल्यातून वर जातच नसेल तर आधी गव्हर्नर (गाडीच्या वेगावरून गिअर बदलायला लावणारा भाग) बघा. तो केसिंगच्या बाजूला तारेच्या क्लिपखाली असतो, गाडीखाली झोपून बाहेरूनच निघतो. त्याचं प्लास्टिकचं दातचाक खाल्लेलं असू शकतं. ७२७ ला मॉड्युलेटर नाही, तिथे थ्रॉटलचा रॉड असतो. कार्ब्युरेटर बदलताना तो कोणी जोडलाच नसेल, तर दाब कमी राहून चांगले क्लच जळतात.

गाडी महिनाभर उभी असेल आणि पहिल्यांदा डी मध्ये टाकल्यावर काही सेकंद हललीच नाही, तर कन्व्हर्टरमधलं तेल पॅनमध्ये उतरलंय एवढाच अर्थ असू शकतो. दर वेळी, गरम असतानाही, हाच उशीर होत असेल तर मात्र पिस्टनचे सील कडक झालेत. पॅन उतरवा: चुंबकावर राखाडी लेप चालतो, पितळी चमक म्हणजे बुश किंवा थ्रस्ट वॉशर, काळे तुकडे आणि करपट वास म्हणजे बांधायला घ्या.

ओव्हरड्राइव्ह
एवढा खर्च तीन गिअरच्या बॉक्सवर करायचाच कशाला? जीएमचा चार गिअरचा ७००आर४ टाका. चौथा ०.७० चा, म्हणजे त्याच वेगाला इंजिनाचे फेरे ३० टक्क्यांनी कमी.

पानापकड
@ओव्हरड्राइव्ह: आणि बाकीचा खर्च कोण धरणार? हा टीएच३५० पेक्षा सुमारे ३ इंच लांब, म्हणजे क्रॉस-मेंबर सरकवा, प्रॉपेलर शाफ्ट कापून बॅलन्स करा. शिवाय टीव्ही केबल, म्हणजे थ्रॉटलवरून बॉक्सचा दाब ठरवणारी तार. ती कार्ब्युरेटरवर योग्य कोनात बसली नाही तर दाब कमी पडतो आणि तिसऱ्या-चौथ्याचा क्लच लवकरच जळतो. आता चार गिअरचा बॉक्स बांधायला घ्या! मूळ नंबरची गाडी (कारखान्यातलेच इंजिन-बॉक्स असलेली) असेल तर जुना बॉक्स जपून ठेवायचा हेही आलंच.

दोनपेडल
बरं, मग घरी बांधला तर? पुस्तक आहे, किट आहे.

पानापकड
बांधा की. पण चूक कुठे होते ते ऐका. पिस्टनचं लिप सील ड्रममध्ये सरकवताना ओठ उलटा दुमडतो, बाहेरून दिसत नाही. पातळ तारेने ओठ आत दाबत फिरवत बसवायचं. वंगणाला व्हॅसलीन, साधं ग्रीस नाही. ग्रीस तेलात विरघळत नाही, वाटा तुंबवतं. फ्रिक्शन प्लेटा निदान अर्धा तास तेलात भिजवायच्या. प्लेटांमधली मोकळीक एका फ्रिक्शनमागे साधारण ०.०१० इंच धरतात, फीलर गेज घालून मोजायची. व्हॉल्व्ह बॉडी (तेलाचा दाब वाटून देणारा ठोकळा) चढवण्याआधी प्रत्येक क्लचच्या भोकात ३०-४० पीएसआय हवा द्या: पिस्टन "ठप्" वाजला तर सील धरतंय, नुसतं "फुस्स" झालं तर पुन्हा खोला. सी४ चा मधला बँड (ड्रमभोवतीचा ब्रेकचा पट्टा) १० फूट-पौंडांवर आवळून पावणेदोन फेरे सैल, मागचा तीन फेरे, लॉकनट नवा.

चढवताना कन्व्हर्टर तीन टप्प्यांत खाली बसतो. दोनच झाले आणि बोल्टने ओढून बेल-हाऊसिंग टेकवलं, तर पंप फुटला. केसिंग इंजिनाला टेकल्यावर कन्व्हर्टर हाताने फिरला पाहिजे आणि फ्लेक्सप्लेटपासून (इंजिनाच्या टोकाच्या पातळ चकतीपासून) ३ ते ५ मिलिमीटर मागे असला पाहिजे. तुमच्या "भीतीच्या" पैशांतले निम्मे या एका मोजमापाचे समजा.

दोनपेडल
निम्मे जास्त होतात, पण चालेल. तरी अंदाजपत्रकात कन्व्हर्टर, बुश आणि मजुरी वेगळी लिहायला काय हरकत आहे? "गिअरबॉक्स ओव्हरहॉल, एकूण" एवढीच ओळ असेल तर मी लूटच म्हणणार.

व्हॉल्व्हबॉडी
त्यात कूलरचीही ओळ मागा. रेडिएटरमधला कूलर न धुता नवा बॉक्स जोडला तर जुन्या क्लचची भुकटी पुन्हा आत येते. चढवल्यावर कूलरची परतीची नळी बादलीत सोडून इंजिन आयडलला चालवा: २० सेकंदांत जवळपास एक लिटर तेल आलं पाहिजे. आलं नाही तर लगेच बंद करा, गाडी रस्त्यावर काढू नका.