आल्प्समध्ये गटाने सायकलिंग: तयारी कशी करावी? सल्ला हवा

चढउतार:
नमस्कार मंडळी. आम्ही पुण्याचे सात जण, वय 38 ते 61. जूनच्या शेवटच्या आठवड्यात फ्रान्समध्ये बूर-द्वाझां या गावी सहा दिवस मुक्काम ठोकायचा बेत आहे. आल्प द्युएझचा चढ नक्की, गालिबिए खिंड जमलं तर, आणि एक दिवस नुसता लोळायला. दर रविवारी सिंहगड हा आमचा नेम. पायथ्यापासून वाहनतळापर्यंत आमच्यातला पहिला पन्नास मिनिटांत पोचतो, शेवटचा दीड तासात (शेवटचा म्हणजे अस्मादिक). दोघांकडे चांगल्या रोडबाइक आहेत, बाकी सगळे हायब्रिडवाले. सायकली इथून न्याव्यात की तिथे भाड्याने घ्याव्यात? हातात चार महिने आहेत, सराव काय करावा? यावरून ग्रुपवर आत्ताच दोन तट पडलेत.

घाटवेडा:
आधी गणित करा, मग भांडा. आल्प द्युएझचा चढ 13.8 किमीचा, सरासरी 8 टक्क्यांच्या आसपास, उंची साधारण 1,100 मीटर मिळते. सिंहगडला अंदाजे 600 मिळते, म्हणजे जवळजवळ दोन सिंहगड एकावर एक, मध्ये चहा-भजी नाही. तुमच्या वेगाने पहिला गडी दीड तासात वर, तुम्ही पावणेतीन तासांत. तेसुद्धा दुसऱ्या सिंहगडाला पाय पहिल्यासारखेच राहिले तर. ते राहत नाहीत.

आता गिअर. पुढच्या दातेरी चक्राला 34 दात, मागच्याला 34 दात असतील तर मिनिटाला 70 च्या लयीत पाय फिरवून ताशी 8.8 किमी पडतात, म्हणजे दीड तासाचा हिशोब. मागे 28 च असेल तर त्याच वेगाला लय 58 वर येते. सुरुवातीचे दोनेक किलोमीटर, ला गार्द गाव येईपर्यंत, चढ 10 टक्क्यांचा आहे. तिथे वेग 7 वर आला की 28 वाल्याचे पाय मिनिटाला 46 वेळा फिरणार. गुडघे तिथेच जातात. तेव्हा सायकल कुठलीही घ्या, पुढे 50 आणि 34 दातांची दोन चक्रं आणि मागे 34 पर्यंतची कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) आहे का ते विचारा. कंपनी, रंग, वजन यावर नंतर चर्चा करा.

सरावाला सिंहगड पुरणार नाही. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर करा. चढ सौम्य आहे, पण जवळजवळ चाळीस किलोमीटर तो थांबतच नाही आणि उंची आल्प द्युएझपेक्षा जास्त मिळते. महिन्यातून दोनदा. एप्रिल-मेमध्ये पहाटे चारला निघालात तरच, नाहीतर कशेडीच्या बाजूचा उकाडा तुम्हाला घाटापर्यंतही पोचू देणार नाही.

पायडलपुराण:
मी स्वतःची सायकल नेली होती. तीन वर्षांपूर्वी, असाच उत्साह. विमान कंपनीने खोका दुसऱ्या दिवशी आणून दिला तोही एका बाजूने चेपलेला. आत डिरेलरचा (मागचे गिअर बदलणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे तो ज्यावर टांगलेला असतो तो तुकडा, वाकलेला. ते बोटभर लांबीचं अल्युमिनियम, पण प्रत्येक मॉडेलचं वेगळं, आणि गावातल्या दुकानात माझ्या मॉडेलचं नव्हतं. दोन दिवस मी मित्रांचे फोटो काढत गाडीत बसून होतो.

तरी न्यायचीच असेल तर: जादा हँगर बरोबर ठेवा. डिरेलर सोडवून फ्रेमच्या आत बांधा. पुढचं चाक काढलं की फोर्कच्या दोन टोकांत प्लास्टिकचा अडसर घाला. पायडल काढताना डावं उलट्या आट्याचं असतं, त्यावर माझ्या भाच्याने अर्धा तास जोर लावला होता. पॉवर बँक केबिनमध्येच. हवा भरायचे गॅसचे छोटे सिलिंडर विमान कंपनीच्या परवानगीशिवाय नाहीत, हातपंप बरा. आणि मुंबईतून निघतानाच कस्टम्सकडून सायकलचं निर्यात प्रमाणपत्र घ्या. परत येताना 'ही महागडी वस्तू तिकडे घेतली का?' असं विचारलं तर दाखवायला कागद हवा.

पण खरं सांगू? पाच हायब्रिडवाल्यांनी भाड्यानेच घ्या.

चढउतार:
पायडलपुराण, हे वाचून आमच्या एका रोडबाइकवाल्याचा चेहरा पडला. दुसरा म्हणतो, 'माझ्या सीटशिवाय मी बसणारच नाही.'

पायडलपुराण:
मग सीट आणि पायडल एवढंच न्या की. पिशवीत मावतात. आपल्या सायकलीची सीटची उंची टेपने मोजून लिहून ठेवा, दोन्ही पायडल ज्या मधल्या आसाभोवती फिरतात तिथपासून सीटच्या माथ्यापर्यंत. दुकानदाराला आकडा सांगितला की काम झालं.

ग्रेनोबलकर:
उशिरा आलो धाग्यावर. सगळे चढाबद्दल बोलताहेत. इथे आलेल्या आपल्या लोकांची मी पाहिलेली फजिती मात्र उताराची असते.

पहिली गोष्ट, ब्रेक. आपल्याकडे उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, इथल्या भाड्याच्या सायकलींवर बहुतेक वेळा तो डाव्या हाताला. दुकानाच्या दारातच उभं राहून एकेक लिव्हर दाबा, चाक फिरवून बघा कुठलं थांबतं. वाटल्यास दुकानदाराकडून बदलून घ्या. आपला हात गडबडीत सवयीनेच चालतो, आणि हेअरपिन वळणावर 'मागचा' म्हणून डावा दाबला तर पुढचं चाक जागच्या जागी थांबतं.

दुसरी, इथे वाहतूक उजवीकडून. सरळ रस्त्यावर लक्षात राहतं. सकाळी हॉटेलच्या अंगणातून बाहेर पडताना आणि फोटोसाठी थांबून पुन्हा निघताना हमखास विसरतं. सर्कलला उलटी प्रदक्षिणा घालायची, येणाऱ्याला बघायला मान डावीकडे. पण जिथे काहीच पाटी नाही अशा गावातल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला. गटाने जाताना दोनपेक्षा जास्त जणांनी शेजारी-शेजारी चालवायची नाही, मागून गाडी ओलांडायला आली की एका रांगेत व्हायचं.

गालिबिएचं सांगतो. बूरहून लोतारे खिंड (2,058 मीटर) आणि तिथून साडेआठ किलोमीटर वर गालिबिए, 2,642 मीटर. वाटेत बोगदे आहेत, पुढचा-मागचा दिवा हवाच. खाली गावात 28 अंश असेल तर वर ढोबळमानाने बारा अंश कमी, शिवाय वारा. चढताना घाम निथळतो, आणि मग त्याच ओल्या जर्सीवर पाऊण तास नुसतं बसून खाली यायचं. बोटं इतकी गारठतात की ब्रेक दाबतोय की नाही ते कळत नाही. पूर्ण बोटांचे हातमोजे, घडी करून खिशात जाणारं विंडचीटर, आणि काहीच नसेल तर छातीवर वर्तमानपत्र. हसू नका, जुने शर्यतपटू हेच करायचे.

उतारावर ब्रेक सतत धरून ठेवू नका. वळणाआधी जोरात दाबा, वळणात सोडा. आणि आल्प द्युएझवरून सारेन खिंडीमार्गे उतरायचा मोह होईल, 2013 च्या टूर दी फ्रान्स शर्यतीत स्पर्धक तिथून उतरले होते म्हणून. रस्ता अरुंद नि खडबडीत आहे. पहिल्या दिवशी नको.

टूर दी फ्रान्सचा त्या वर्षीचा मार्ग बघून ठेवा. तुमच्या आठवड्यात नसली तरी जुलैला चिकटून राहायचं असेल तर खोल्या मिळणार नाहीत.

रानजाई:
व्हिसाचं कोणी लिहिलं नाही. शेंगेनचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. उन्हाळ्यात अपॉइंटमेंटच मिळत नाही, तेव्हा आत्ताच बसा. विमा किमान 30,000 युरोचा लागतो, पण तेवढ्यावर थांबू नका. पॉलिसीत सायकलिंग धरलंय की 'साहसी खेळ' म्हणून वगळलंय ते वाचा. सातही जणांनी. आमच्यात एकीने वाचलं नव्हतं आणि खांदा तिचाच निखळला. अडचणीत 112.

खाण्याचं: चिक्की, खजूर, भाजलेले शेंगदाणे न्या. पेढे, खवा असलं काही नको. बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपियन युनियनमध्ये सामानातूनही नेता येत नाहीत. आणि डोंगरातल्या गावांत दुपारी दुकानं बंद होतात, पोटातला खड्डा नेमका तेव्हाच पडतो.

आता खरं दुखणं. चढउतार दादा, तुमच्यात पहिला आणि शेवटचा यांच्यात सव्वा तासाचं अंतर पडणार. पहिला वर जाऊन गारठून बसणार, शेवटचा 'माझ्यामुळे सगळे थांबलेत' म्हणून पाणी प्यायलाही थांबणार नाही. आमची सहल यानेच नासली, सायकलींनी नाही. आल्प द्युएझला 21 वळणं आहेत, आकडे वरून खाली: पायथ्याला 21, माथ्याला 1. प्रत्येक वळणावर टूरमध्ये इथे जिंकलेल्यांची नावं, 21 वर फाउस्तो कोप्पीचं, 1952 चा विजेता. इथेच ठरवून टाका: वाटेत कोणी कोणासाठी थांबायचं नाही, फक्त 7 नंबरला सगळे भेटणार. तिथे हॉलंडचे प्रेक्षक जमतात, शर्यतीच्या दिवशी. सगळ्यांत शेवटचा आधी निघणार, पाऊण तास आधी. आणि वर हॉटेलातल्या टेबलावर 'किती वेळ लागला?' हा प्रश्न बंद.

घाटवेडा:
शेवटची अट आमच्या ग्रुपला कधीच जमणार नाही.

चढउतार:
सर्वांचे आभार. ठरलं: सहा सायकली भाड्याने, एक हट्टी रोडबाइकवाला स्वतःची नेणार, जादा हँगर आजच मागवला. व्हिसाची अपॉइंटमेंट सोमवारी शोधतो. येत्या रविवारी आंबेनळी. पाऊण तास आधी निघायची कल्पना ग्रुपवर टाकली तर पहिला नंबरवाला म्हणाला, 'मग मी तुला गाठून दाखवतो.' आता मला दीड तास आधी निघावं लागणार बहुतेक.

रानजाई:
दिवे लावून निघा.