मोत्या गेल्यापासून वडील गप्प झाले आहेत. दुसरा कुत्रा लगेच आणावा का?

केवडा:
आमचा मोत्या हा गावठी कुत्रा गेल्या महिन्यात मूत्रपिंडाच्या विकाराने गेला. शेवटी त्याने अन्नपाणी सोडले होते, त्यामुळे डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याला इंजेक्शन देऊन निरोप देण्याचा निर्णय वडिलांनीच घेतला. आई गेल्यानंतर त्यांचा सगळा दिवस मोत्याभोवती बेतलेला होता. आता त्यांनी टेकडीवर फिरायला जाणेही सोडले आहे, कारण तिथली मंडळी त्यांना ‘मोत्याचे आजोबा’ म्हणूनच ओळखतात आणि भेटेल त्याला तीच हकिकत सांगावी लागते. नातेवाइकांपैकी काही जण ‘एका कुत्र्यासाठी एवढे काय?’ असे म्हणतात, तर काही जण उद्याच पिल्लू आणून द्यायला निघाले आहेत. हे दुःख वाजवीपेक्षा जास्त आहे का, आणि नवे पिल्लू आणणे योग्य ठरेल का, याविषयी जाणकारांनी कृपया लिहावे.

अभ्यासू_वाचक:
पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर ‘मुळीच नाही’ असे आहे. मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ स्त्रीने तान्ह्या मुलांचे आईशी असलेले नाते पाहण्यासाठी एक पद्धत बसवली होती. तीत मूल अनोळखी खोलीत, अनोळखी व्यक्तीसमोर असताना आई थोडा वेळ बाहेर जाते आणि परत येते. बुडापेस्टच्या संशोधकांनी हीच पद्धत कुत्र्यांवर वापरून 1998 मध्ये निष्कर्ष मांडले, तेव्हा मालक खोलीत असताना कुत्रा अधिक निर्धास्तपणे खेळतो आणि मालक परतल्यावर कुत्रा ज्या ओढीने त्याच्याकडे जातो ती अनोळखी माणसाच्या वाट्याला येत नाही, असे दिसले. पुढे 2015 मध्ये जपानी संशोधकांना असे आढळले की कुत्रा आणि मालक एकमेकांकडे बराच वेळ पाहत राहिले, तर दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक वाढते. माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांमध्ये मात्र तसे घडले नाही. अशा प्रयोगांतले नमुने लहान असतात, म्हणून त्यांवर फार मोठे इमले रचू नयेत. तरीही ही माया एकतर्फी असते असे म्हणायला आता फारशी जागा उरलेली नाही.

त्याहून मला बोलका वाटतो तो जर्मनीतल्या बॉन शहराजवळ 1914 मध्ये सापडलेला दफनाचा पुरावा. सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीच्या त्या दफनात एक पुरुष, एक स्त्री आणि कुत्र्याचे काही महिन्यांचे पिल्लू होते. त्याच्या दातांवरच्या खुणांवरून त्याला डिस्टेंपर हा कुत्र्यांचा गंभीर विषाणूजन्य आजार झाला असावा आणि कोणीतरी शुश्रूषा केल्याशिवाय ते त्या आजारात इतके दिवस जगले नसते, असा अभ्यासकांचा तर्क आहे. शिकारीला किंवा राखणीला निरुपयोगी असलेल्या आजारी पिल्लाची सेवा करणाऱ्यांना त्यांच्या नातेवाइकांनी काय सुनावले असेल कोण जाणे.

वऱ्हाडकर:
वरील माहिती उत्तम आहे, परंतु आमच्याकडच्या शेतकऱ्याला हे पटवण्यासाठी संप्रेरकांची गरज पडत नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद आणि तूप लावून मळले जातात आणि ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ असे त्यांना रीतसर निमंत्रण दिले जाते. जोडीतला एखादा बैल मेला तर शेजारीपाजारी घरी येऊन बसतात, दुसऱ्या बैलाने वैरण खाल्ली का याची चौकशी करतात आणि त्या घरच्या माणसाच्या रडण्याला कोणी हसत नाही. अर्थात, हाच शेतकरी अडचणीच्या वर्षी तोच बैल बाजारात विकतो, हेही मी लपवणार नाही. माया आणि व्यवहार एकाच गोठ्यात नांदतात. शहरातल्या कुत्र्याच्या बाबतीत मात्र व्यवहाराचा भाग जवळजवळ नसतो, म्हणून कोणी भेटायला यावे एवढे कारणही लोकांना दिसत नाही आणि तुमच्या वडिलांसारखी माणसे एकटी पडतात. माझे मत असे की पिल्लू घेऊन येण्यापेक्षा त्या नातेवाइकांनी नुसते घरी येऊन बसावे आणि मोत्याच्या खोड्यांविषयी विचारावे.

निवृत्त_पशुवैद्य:
केवडाताई, दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे असे सुचवतो. पहिली गोष्ट म्हणजे तो निर्णय वडिलांनी घेतलेला आहे, आणि अशा मालकांच्या मनात ‘आपण घाई तर केली नाही ना?’ हा प्रश्न बराच काळ घोळत राहतो. त्यांना मोत्याच्या डॉक्टरांकडे पुन्हा एकदा घेऊन जावे आणि रक्ततपासणीचे आकडे समजावून सांगायला लावावे. मूत्रपिंडाचा जुनाट आजार शेवटच्या टप्प्यावर पोहोचला की मूत्रपिंड पूर्ववत होत नाही, हे मुलांनी सांगणे आणि डॉक्टरांनी समोर बसवून सांगणे यांत फरक पडतो.

दुसऱ्या कुत्र्याविषयी म्हणाल तर तो भेट म्हणून अचानक आणू नये. वडिलांनी स्वतः विषय काढला तरच पुढे जावे. पिल्लू रात्री उठवते, चपला फाडते आणि सारखे पायांत येते, त्यामुळे वयस्कर माणूस अडखळून पडण्याची भीती असते. म्हणून शांत स्वभावाचा, मोठा झालेला गावठी कुत्रा अधिक बरा, कारण त्याचा स्वभाव आणि आकार आधीच कळलेला असतो. वडील आजारी पडले तर त्याला कोण सांभाळेल हे आजच घरात ठरवावे, कारण मालकाच्या पश्चात रस्त्यावर आलेली कुत्री मी पुष्कळ पाहिली आहेत. मोत्याचा आजार संसर्गजन्य नव्हता, त्यामुळे वैद्यकीय कारणासाठी थांबण्याची गरज नाही; पार्व्हो या कुत्र्यांच्या विषाणूजन्य आजाराने गेला असता तर तो विषाणू घरात कित्येक महिने टिकत असल्याने मी वेगळा सल्ला दिला असता. त्याची ताटली, पट्टा आणि अंथरूण नव्या कुत्र्यासाठी वापरायचे की जपून ठेवायचे, हे मात्र वडिलांनाच ठरवू द्यावे.