कमिट मेसेजने केलेली फजिती: तुमचे अनुभव सांगा

आमच्या टीममध्ये परत तोच वाद पेटलाय: कमिट मेसेजला (कोडमधला बदल नोंदवताना लिहायची टीप) शिस्त गिटने (कोडच्या बदलांचा हिशेब ठेवणारं साधन) लावावी की माणसांनी? माझं मत, टोका खुशाल, पण न विचारता माझं लिहिलेलं खोडू नका.

मेसेज तिकीट (कामाच्या नोंदीच्या) नंबरने सुरू करायचा आमचा नियम. '#४५२ व्याजाची गोळाबेरीज दुरुस्त', खाली दोन ओळी तपशील. कमांडमध्येच मेसेज दिला की सुरळीत. एकदा स्पेलिंग सुधारायला अमेंड केलं, म्हणजे शेवटचा कमिट बदलला, एडिटर उघडला, सेव्ह केलं, आणि पहिली ओळ गायब! तपशीलच शीर्षक होऊन बसला. एडिटरमधून आलेल्या मेसेजात # ने सुरू होणारी ओळ गिटला शेरा (कमेंट) वाटते आणि ते ती गाळतं. कमेंटचं चिन्ह सेटिंगमध्ये बदलता येतं, हे नंतर कळलं. तुमचं येऊ द्या.

*ओली_भेळ:*
आमचे मेसेज मराठीत. शीर्षक ५० अक्षरांत बसवा म्हणून कुणीतरी हुक (कमिटच्या वेळी आपोआप चालणारी तपासणी) लावला. 'नोंदी वर्णक्रमाने लावल्या' एवढंच लिहिलं, तर हुक म्हणे ७२ झाली! तासभर डोकं खाजवलं. तो अक्षरं नाही, बाइट मोजत होता, ओळ संपल्याची खूण धरून. यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची पद्धत) मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं. काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे. एकटा 'क्षी' १२ बाइट खातो. हुकमधल्या मोजणीच्या 'डब्ल्यूसी' कमांडला -सी (बाइट) ऐवजी -एम (अक्षरं) दिलं, आकडा २६ वर आला. तरी जोडाक्षरं फुटूनच मोजली जातात, पण चालतंय.

*कोपऱ्यातली_खुर्ची:*
मी शीर्षकाखाली रिकामी ओळ सोडत नसे. वनलाइन लॉगमध्ये (प्रत्येक कमिट एका ओळीत दाखवणारी यादी) अख्खा परिच्छेद एका ओळीत. बस.

*जुना_पॅचवाला:*
गिट २००५ मध्ये लिनक्स कर्नलसाठी जन्मलं, तिथे पॅच (कोडमधले बदल) ईमेलने जातात. पहिली ओळ म्हणजे मेलचा विषय, म्हणून ती आटोपशीर हवी. लॉग मेसेजला डावीकडे ४ जागा सोडतो. उजवीकडेही तेवढ्याच सोडल्या की टर्मिनलच्या ८० रकान्यांतून ओळीला उरतात ७२. मी विषयात मॉड्यूलचं नाव चौकोनी कंसात लिहायचो. समोरच्याने 'गिट एएम'ने पॅच लावला की कंसासकट नाव साफ! मेलमधला [पॅच] काढताना ते माझंही उचलतं. आता नाव आणि अपूर्णविराम (:).

*रात्री_अकराची_रिलीज:*
आमचा हुक इतका कडक की 'फिक्स:' ने सुरुवात नसेल तर कमिटच होऊ देत नाही. गेल्या शुक्रवारचा लॉग बघितला. ओळीने सहा कमिट, 'फिक्स: फिक्स'. हुकच्या मते सगळे बरोबर.