मदत हवी आहे : 'स्वीट फॅनी अ‍ॅडम्स'ला मराठीत काय म्हणावं?

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी फॅनी अ‍ॅडम्सवर लिहितेय. इंग्लंडमधल्या हॅम्पशायरच्या ऑल्टन गावची आठ वर्षांची मुलगी. २४ ऑगस्ट १८६७ रोजी गावाबाहेरच्या हॉप्सच्या (बिअरसाठी लागणाऱ्या वेलींच्या) मळ्यात तिचा खून झाला. गुन्हेगार वकिलाच्या कचेरीतला कारकून. त्याच वर्षी डिसेंबरात फाशी गेला. त्याचं नाव मी मुद्दाम लेखात घेणार नाही, खुनाचे तपशीलही नकोत.

अडलंय ते पुढे. साधारण १८६९ पासून आरमारात डब्यातलं मटण मिळू लागलं, खलाशांना ते अजिबात आवडेना, आणि त्यांनी त्या मटणाला या पोरीचंच नाव दिलं! पुढे इंग्रजी बोलण्यात 'स्वीट फॅनी अ‍ॅडम्स'चा अर्थच झाला 'काहीही नाही'. लोकांनी वर्गणी काढून १८७४ मध्ये तिच्या थडग्यावर दगड उभारला, तो आजही आहे; पण बोलणाऱ्याला आपण कुणाचं नाव घेतोय याचा पत्ता नसतो.

'कप्पाळ', 'भोपळा', 'घंटा' लावून पाहिलं. अर्थ येतो, मुलगी गायब होते. 'ध चा मा'मध्ये खून आहे, पण बळी गेलेला त्यात दिसत नाही. 'काका, मला वाचवा' सर्वांत जवळचं, आपणही ते हसत हसतच म्हणतो की. पण नारायणराव पेशवे होते, शाळेच्या पुस्तकात आहेत.

तळटीप देता येणार नाही, जागा नाही. तर अगदी साध्या, खऱ्या माणसाच्या दुर्दैवावरून आलेला आणि आता थट्टेत वापरला जाणारा एखादा शब्दप्रयोग तुमच्या भागात, बोलीत आहे का?