मदत हवी आहे: टपालाने येणारे चेक आणि दर आठवड्याला चुकणारा कॅशफ्लोचा अंदाज

तेरीज (धागाकर्ता)
महिन्याला साधारण २०० चेक टपालाने येतात. उधारीची मुदत ३० दिवस. १३ आठवड्यांच्या अंदाजात प्रत्येक बिलाची रक्कम ‘देय तारीख + ६ दिवस’ या दिवशी धरली आहे, कारण मागची सरासरी तेवढी निघते. तरीही आठवड्याचा आकडा १५-२० टक्क्यांनी चुकतो, महिनाअखेरीस त्याहून जास्त. नोंदीत बिलाची तारीख, देय तारीख आणि बँकेत भरल्याची तारीख एवढंच आहे. पाकिटांचं ट्रॅकिंग सुरू करावं, की आधी दुसरं काही सुधारायला हवं?

आवकजावक
ट्रॅकिंगचं नंतर बघा, आधी रजिस्टर. तुमच्या त्या ६ दिवसांत तीन वेगवेगळे उशीर एकात एक मिसळले आहेत: ग्राहकाने चेक काढायला लावलेला, टपालाचा, आणि पाकीट हातात पडल्यावर तुमच्याच टेबलावर झालेला. ते सुटे केल्याशिवाय काय बिघडलंय ते कळणार नाही.

आवक रजिस्टरमध्ये प्रत्येक चेकसाठी पाच तारखा घ्या: चेकवरची, पाकिटावरच्या शिक्क्याची, पाकीट मिळाल्याची, बँकेत भरल्याची, रक्कम खात्यात वापरायला मिळाल्याची. सोबत बिल क्रमांक आणि रक्कम. नोंद पाकीट उघडतानाच व्हायला हवी. चेक वेगळा काढून पाकीट कचऱ्यात गेलं की शिक्क्याची तारीख कायमची गेली. पाकीट आणि चेक शेजारी ठेवून एक फोटो काढला तरी भागतं. पाकीट उघडणारा आणि खात्यात जमा-नोंद करणारा माणूस वेगळा ठेवा, हे हिशेबापेक्षा सुरक्षेसाठी.

चेकवरच्या तारखेवर विसंबू नका. चेक लिहून सहीसाठी आठवडाभर पडून राहतो, किंवा पुढची तारीख टाकलेली असते. शिक्का जास्त खरं बोलतो, पण ग्राहकाच्या फ्रँकिंग मशीनचा (तिकिटाऐवजी छाप मारणाऱ्या यंत्राचा) शिक्का असेल तर ती मशीनवर लावलेली तारीख. पाकीट पेटीत दुसऱ्या दिवशीही पडू शकतं.

आणि अंदाजात रक्कम टाकायची ती वापरायला मिळण्याच्या तारखेला, भरल्याच्या नव्हे. चेक न वटता परत आला तर मूळ जमा रद्द करा आणि येणं पुन्हा उघडा.

बेरीजवजाबाकी
वरच्याशी सहमत. खरी गोची मात्र सरासरीत आहे. समजा सारख्याच रकमेचे दहा चेक देय तारखेनंतर इतक्या दिवसांनी आले: २, ३, ३, ४, ४, ४, ५, ६, ९, २१. सरासरी ६.१. पण पाचव्या दिवसापर्यंत दहातले सात येऊन गेलेत आणि सहाव्या दिवशी आलाय फक्त एक. सगळा पैसा सहाव्या दिवशी धरणारा अंदाज दोन्हीकडून चुकतो: सात चेक आधीच आलेले, आणि शेवटचे दोन यायचेच आहेत. त्या एका २१ ने सरासरी ओढली आहे. मध्यक (क्रमाने लावल्यावर मधला आकडा) ४ च आहे.

म्हणून एक तारीख न धरता रक्कम वाटून टाका: तिसऱ्या दिवसापर्यंत ३० टक्के, पाचव्यापर्यंत ७०, नवव्यापर्यंत ९०, उरलेली शेपूट पुढे. मोठे ग्राहक यात घालू नका. ज्या मोजक्या ग्राहकांकडून बहुतेक रक्कम येते त्यांची प्रत्येकाची ओळ वेगळी हवी, कारण त्यांचे चेक ठरलेल्या वारी निघतात. गुरुवारी चेक काढणाऱ्याचं बिल गुरुवारी देय असेल तर त्याच दिवशी निघतं, शुक्रवारी देय असेल तर सहा दिवस थांबतं. देय तारखेत एका दिवसाचा फरक, पैसे येण्यात आठवड्याचा. महिन्यातून एकदाच चेक काढणारे ग्राहक असतील तर तुमची महिनाअखेरची चूक बहुधा तिथली आहे. टपाल आणि बँकेचे दिवस कामकाजाचे मोजा, ग्राहकाचे कॅलेंडरचे.

तेरीज
हे पटलं, रक्कम अशी वाटून बघतो. बिलासोबत पाठवायच्या बारकोडवाल्या परतीच्या पाकिटांचा उपयोग कितपत?

आवकजावक
टपाल खातं ती सोय देत असेल तरच. अमेरिकेत इंटेलिजंट मेल बारकोड आहे: ६५ रेषा, जास्तीत जास्त ३१ अंक. त्यातला अनुक्रमांक प्रत्येक बिलाला वेगळा दिला, की परतीचं पाकीट छाननी यंत्रातून गेल्यावर चेक वाटेत असल्याचं हातात पडण्याआधी कळतं. पण ग्राहकाने स्वतःचं पाकीट वापरलं तर काही दिसत नाही, हाताने छाननी झाली तरी नाही. एका पाकिटात तीन बिलांचे पैसे असू शकतात किंवा एका बिलाचे अर्धेच. स्कॅनवरून पाकीट निघालं एवढं कळतं, आत किती आहे ते नाही. स्कॅन दिसला की तगाद्याचा फोन थांबवा आणि त्या बिलाची अपेक्षित तारीख हलवा, त्यापलीकडे भरवसा नको.

बारकोड खिडकीच्या पाकिटात, चेकसोबत परत येणाऱ्या स्लिपवर छापणार असाल तर स्लिप आत घालून पाकीट टेबलावर डाव्या, उजव्या आणि खालच्या कडेवर आपटून पाहा. स्लिप सरकून एकही रेषा खिडकीच्या कडेआड गेली तर यंत्राला ते वाचता येईलच असं नाही. रोजचे चेक खूप असतील तर बँकेच्या लॉकबॉक्सचीही (बँकच पाकिटं घेऊन चेक भरते ती सोय) चौकशी करा. पाकिटं थेट तिकडे जातात, तुमच्या टेबलावरचा उशीर संपतो.

बेरीजवजाबाकी
आणखी एक. दर सोमवारी मागच्या आठवड्याची चूक दोन खात्यांत टाका: वेळेची आणि रकमेची. वेळेची चूक पुढच्या एक-दोन आठवड्यांत भरून निघते. रकमेची (कपात, वाद, अर्धवट भरणा) निघत नाही. वादातली बिलं अंदाजातून बाहेर काढा, नाहीतर तीच रक्कम दर आठवड्याला पुढे सरकत राहते.

तेरीज
किती आठवड्यांच्या नोंदी झाल्या की आकड्यांवर विसंबावं?

बेरीजवजाबाकी
किरकोळ ग्राहकांच्या गटाला १० ते १२ आठवडे पुरतात. महिन्यातून एकदा देणाऱ्या मोठ्या ग्राहकाचे तेवढ्यात तीनच आकडे मिळतात, त्यावरून काही ठरत नाही. त्यांच्या अकाउंट्सला फोन करून दोनच गोष्टी विचारा: चेक कोणत्या दिवशी काढता, आणि बिल कधीपर्यंत पोहोचलं तर त्या फेरीत बसतं.